तेल कुणी घातलं?

“आजोबा, हे चालंना झालंय,” वैजू म्हणाली आणि तिनं बोटानं पुन्हा एकदा चाक फिरवलं.

चाक आळसावल्यासारखं दोन-तीन फेरे फिरलं आणि थांबलं. शेजारी स्पिरिटचा दिवा निळा-निळा जळत होता. एरवी त्या दिव्याची ज्योत दिसली की इंजिन हपापल्यासारखं तिच्यावर तुटून पडायचं. आज त्यानं ज्योतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“परवा तर पळत हुतं की,” माझा जुना दोस्त आप्पा चौगुले म्हणाला.

“परवा पळत होतं, काल खंडेनवमी म्हणून विसावलं, आणि आज संपावर गेलंय,” मी म्हणालो. “उद्यमनगरचं इंजिन आहे. बोनस मागत असेल.”

कुणी हसलं नाही. दसऱ्याची सकाळ होती, दुपारी गोंदियाची गाडी होती, आणि वैजूचे वडील खेमराज रहांगडाले दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

“काका, हे काहून चालून नाही राहिलं?” त्यांनी विचारलं. “आत्ता चालू होईन ना?”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथची खडखड ऐकत माझा जन्म गेला. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो तेव्हा एक जुना, लहान लेथ विकत घेतला आणि मागच्या खोलीत बसवला. त्यावर मी छोटी इंजिनं करायचो. शोभेची नव्हेत, चालणारी. वाफेवरचं एक होतं, ते चहाच्या किटलीवर चालायचं. गल्लीतली मुलं बघायला यायची. बघून झालं की म्हणायची, “आम्हाला पण करायचंय.” मग मी त्यांच्या हातात कानस द्यायचो आणि पितळेचा एक ओबडधोबड तुकडा. “हा चौकोनी करून आण,” म्हणायचो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी क्रिकेटला जायचे.

वैजू मात्र चौकोन घेऊन आली. मी त्यावर काटकोन बघायचा गुण्या लावला, उजेडात धरला आणि म्हणालो, “एक बाजू खोटी आहे.” ती गेली आणि पुन्हा आली. पुन्हा एक बाजू खोटी. असं करता करता तो तुकडा सुपारीएवढा झाला, पण चारही बाजू खऱ्या झाल्या. तेव्हा ती सहावीत होती.

तिचे वडील पोस्टात होते. बदलीवर कोल्हापूरला आले होते आणि समोरच्या चाळीत राहायचे. त्यांची एकच तक्रार असायची. “पोरगी काही पुरं करत नाही, काका. पेटी अर्धवट, पोहणं अर्धवट, चित्रकला अर्धवट. आता तुमचं हे इंजिन. हे तरी पुरं करून घ्या जी.”

माझा एक नेम होता, आणि तो मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला होता. मुलाच्या कामाला मी हात लावत नाही. हात लावला की ते माझं काम होतं, मुलाचं राहत नाही. त्यामुळे वेळ लागतो. वैजूला वर्षभर लागलं.

तिनं निवडलं तेही सगळ्यात अवघड. ज्योत गिळणारं इंजिन. त्यात वाफ नाही की पेट्रोल नाही. पिस्टन मागे सरकतो तेव्हा सिलिंडरच्या भोकातून ज्योत आत ओढली जाते, लगेच एक पातळ पट्टी ते भोक झाकते, आत कोंडलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पिस्टनला परत आत ढकलते. एवढीच ताकद. आंधळी कोशिंबीर खेळताना मूल पाठीत हळूच धक्का देतं ना, तेवढी. म्हणून ते इंजिन कोरडं हवं. खडखडीत कोरडं. तेलाचा पातळसा थर जरी पिस्टनला चिकटला तरी तेवढ्या धक्क्यानं तो हलत नाही.

आता उद्यमनगरात कोरडं यंत्र ही कल्पनाच कुणाला सहन होत नाही. इथं माणसं दाराची बिजागरी कुरकुरली तरी झोपेतून उठून तेल घालतात. म्हणून वैजूनं खोलीच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: “इंजिनाला कृपया तेल घालू नये. हुकुमावरून.”

“कुणाच्या हुकुमावरून?” मी विचारलं होतं.

“माझ्याच,” ती म्हणाली होती.

शेवटी नवरात्रात, अष्टमीच्या संध्याकाळी, इंजिन पहिल्यांदा चाललं. टक-फुक, टक-फुक करत ज्योत गिळत राहिलं. वैजू ओरडली, चौगुलेनं तिला डोक्यावर घेतलं, तिचे वडील धावत आले. आणि त्याच वेळी त्यांनी सांगितलं की त्यांची गोंदियाला बदली झालीय. आपल्या गावाजवळ. किती वर्षांची मागणी होती.

“दसऱ्यालाच निघतो. मुहूर्त पाहायला नको,” ते खुशीत म्हणाले. “आणि पाहा, इंजिन बी वेळेवर पुरं झालं. बेटा, आता हे घरी घेऊन जायचं. इकडचं सगळं काम निपटलं.”

“परत कधी यायचं पप्पा?” वैजूनं विचारलं.

“कुठं? कोल्हापूरला? एवढ्या दूर? काय काम आहे आता आपलं इथं?”

वैजूनं दिवा विझवला आणि इंजिन फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आणि आज दसऱ्याला ते चालत नव्हतं. सामान बांधून झालं होतं, वैजूची आई चाळीत शेजारणींचा निरोप घेत होती, आणि ठरल्याप्रमाणे चाललेलं इंजिन खोक्यात घालून न्यायचं तेवढं राहिलं होतं. “चालतं बघूनच नेईन,” असं रहांगडाले म्हणाले होते. बंद इंजिन नेऊन गोंदियात ते करणार काय होते? तिथं ते दाखवणार होते कुणाला?

“सिलिंडर तापू दे आधी,” मी वैजूला म्हणालो.

तापू दिला. नाही चाललं.

“वात थोडी वर काढ.”

काढली. नाही.

मी खाली वाकून चाकाचा वास घेतला. इतकी वर्षं यंत्रांत काढली की नाकच अर्धं काम करतं. चाकाला हळदीचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक.

“सिंधू!” मी हाक मारली.

बायको स्वयंपाकघरातून आली. हातात श्रीखंडाच्या चक्क्याचं फडकं.

“काल पूजेला इंजिनाला काय लावलंस?”

“हळद-कुंकू.”

“आणि?”

“आणि काय? फूल.”

“आणि?”

सिंधूनं पदर नीट केला. “एक थेंब तेल. एकच. अहो, तुमच्या लेथला घालते, ड्रिलला घालते, माझ्या शिलाई मशीनला घालते. त्या बिचाऱ्या लहानग्याला तेवढं वगळू? खंडेनवमीला?”

“गोडं तेल घातलंस?”

“मग काय रॉकेल घालू देवाला?”

“भिंतीवर लिहिलंय की, आजी!” वैजू म्हणाली.

“ते यंत्राला लिहिलंय. मी पूजा केली.”

मी वैजूला चाक पुसायला सांगितलं. तिनं स्पिरिटचं फडकं घेऊन ते लखलखीत पुसलं. पुसता पुसता थांबली. “आजोबा, इथं बेअरिंगला पण हाय. पण हे गोडं न्हाई.”

मी चौगुलेकडे पाहिलं. चौगुले छताकडे पाहत होता. आप्पा चौगुलेनं सगळी हयात ओतशाळेत काढली. निवृत्त झाला तरी शर्टाच्या खिशात पेनाएवढी तेलाची नळी घेऊन फिरायचा. रस्त्यात कुणाची सायकल कुरकुरली तर थांबवून तेल घालायचा. एकदा यानं गणपतीच्या मिरवणुकीत देवाच्या पालखीच्या कड्यांना तेल घातलं होतं.

“आप्पा.”

“काय?”

“नळी काढ खिशातली.”

“आरं, कालच्याला आलो तवा ते बिचारं असं कोरडं ठणठणीत पडलेलं. मला बगवंना. मुंगीच्या डोळ्यात जाईल एवढं घातलं बग.”

“वाचता येत नाही?”

“चष्मा न्हवता.”

“चष्मा नव्हता, मग बेअरिंग कशी दिसली?”

“बेअरिंग काय, मी आंधळा झालो तरी दिसंल,” चौगुले अभिमानानं म्हणाला.

वैजूनं बेअरिंगही पुसली. एवढ्यात दारातून खाकरल्याचा आवाज आला.

“काका,” रहांगडाले म्हणाले, “मी पण एक गोष्ट सांगू का? रागावू नका जी.”

“तुम्हीसुद्धा?”

“काल संध्याकाळी पोरीला बोलवायला आलो होतो ना. कोणी नव्हतं. मी म्हटलं, आता एवढ्या लांब नेतो आहे, गाडीत धक्के बसतीन. तर तिथं डबी होती...”

“कुठली डबी?”

“ती निळी.”

“ते ग्रीस आहे!”

“थोडंसंच लावलं. त्या दांडीला.”

चौगुले इतका हसला की त्याला स्टूल धरावं लागलं. सिंधूही पदरात हसली. एक पोस्टातला माणूस, ज्यानं आयुष्यात सायकलची चेनसुद्धा स्वतः बसवली नव्हती, त्यालाही उद्यमनगरची हवा बाधली होती.

“चार वर्षं राहिले, पाण्याचा गुण लागला,” सिंधू म्हणाली.

“आता तुमी सांगा,” चौगुले माझ्याकडे बोट करून म्हणाला. “मालकानं किती घातलं?”

“मी थेंबही घातला नाही.”

“शपथ?”

“लेथची शपथ.”

ही शपथ आमच्यात शेवटची. चौगुलेनं मान्य केली.

वैजूनं दांडी पुसली. आता बाहेरून सगळं इंजिन कोरडं होतं. दिवा पुन्हा लावला. सगळे वाकले. चाक फिरवलं. दोन फेरे, तीन फेरे, थांबलं.

हसणं बंद झालं. रहांगडालेंनी घड्याळ पाहिलं.

“काका, तुम्हीच पाहा ना. तुमच्या हाताला येईन.”

“इंजिन वैजूचं आहे. खोलायचं तर तिनं खोलावं.”

मी बारीक पेचकस तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही.

“तुम्हीच खोला, आजोबा. माझा हात थरथरतोय.”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. वर्षभर त्या हाताकडे पाहत आलो होतो. तो अजिबात थरथरत नव्हता.

“मी खोलू? नक्की?”

“खोला,” ती म्हणाली. पण जरा थांबून.

मी चष्मा पुसला आणि सिलिंडरच्या मागच्या झाकणाचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही सारख्याच जोरानं सुटले. एकही जास्त आवळलेला नव्हता, एकाचंही डोकं खरवडलेलं नव्हतं. झाकणाखालचं कागदी पॅकिंगही अगदी सरळ बसवलेलं होतं.

मी झाकण काढलं. आत, पिस्टनभोवती, तेल होतं. गोडं नव्हे, ग्रीस नव्हे. शिलाई मशीनचं पातळ तेल, सगळीकडे सारखं पसरवलेलं. आणि बाहेर ओघळलेला थेंब पुसून घेतलेला.

असं झाकण उघडून, तेल घालून, पुन्हा बसवायला सिंधूला जमलं नसतं. रहांगडालेंना झाकण उघडतं हेच ठाऊक नव्हतं. चौगुलेनं उघडलं असतं, पण त्याच्या हातून चारपैकी दोन स्क्रूंची डोकी नक्की गेली असती. तो पेचकस छिन्नीसारखा वापरतो.

मी मान वर केली. वैजू माझ्याकडे बघत होती. पाटी तपासायला दिल्यावर मूल जसं मास्तरांकडे बघतं, तसं.

चौगुले माझ्या खांद्यावरून वाकला. “आरं, आत बी तेलच की रं! त्यात काय, स्पिरिटनं पुसून घे आन्...”

मी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टाच ठेवली आणि भार दिला.

“आई गं!”

“काय झालं चौगुले काका?” रहांगडालेंनी विचारलं.

“मुंगी,” मी म्हणालो. “दसऱ्याच्या मुंग्या फार.”

चौगुलेनं माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांची दोस्ती होती, तो गप्प बसला. मात्र अंगठा धरून.

“काका, काय निघालं आत?” रहांगडाले म्हणाले. “होते का आज?”

मी पेचकस खाली ठेवला.

“तुमच्या मुलीला विचारा. तिला सगळं माहीत आहे. तिचं इंजिन आहे.”

ते वैजूकडे वळले. “काय बेटा?”

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची खडूची अक्षरं वाचायला लागलो. मग ती म्हणाली, “आज न्हाई व्हायचं, पप्पा.”

“किती दिवस लागतीन?”

“नवा पिस्टन करायचा म्हटलं तर... लेथवर बसायला लागंल. पुष्कळ दिवस.”

“नवाच करावा लागते का?” ते माझ्याकडे वळले.

“केला तर चांगलाच होईल,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. तो पिस्टन तिनं चौथ्या प्रयत्नात केला होता. पाचव्यात आणखी चांगला झाला असता.

रहांगडाले स्टुलावर बसले. गाडीची वेळ होत आली होती, तरी बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “म्हणजे हे बी अर्धवटच राहिलं,” ते म्हणाले. “पेटी अर्धवट, पोहणं अर्धवट... गोंदियात लेथ कुठून आणू मी? आणि कोण शिकवीन?”

वैजू पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत होती. सिंधू काही बोलायला निघाली, मी डोळ्यांनीच थांबवलं. काही गोष्टी माणसाला आपल्या आपण सुचू द्याव्या लागतात. मग तो पोरगा असो नाहीतर पोस्टमास्तर.

“नाही,” रहांगडाले उठून म्हणाले. “हे नाही चालणार. हे पुरं झालंच पाहिजे. काका, मे महिन्यात शाळेला सुट्ट्या असतात ना?”

“असतात बहुतेक.”

“मी हिला आणून सोडतो. पोरगी तुमच्याकडे राहीन. तुम्हाला त्रास...”

“कसला त्रास?” सिंधू म्हणाली. “एक पान जास्त.”

“आणि पुरं झाल्याशिवाय पाठवू नका जी. मी सांगून ठेवतो. कडक राहा.”

“अगदी कडक राहीन,” मी म्हणालो.

रिक्षा आली. आपट्याची पानं दिली-घेतली. सिंधूनं श्रीखंडाचा डबा दिला, चौगुलेनं लंगडत लंगडत ट्रंक उचलून ठेवली. वैजू माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मीही जरा वाकलो आणि तिच्या कानात म्हणालो, “स्क्रू छान आवळले होतेस.”

तिचे कान लाल झाले. उठता उठता ती पुटपुटली, “समोरासमोरचे, आळीपाळीनं. तुम्ही सांगितलंय तसं.”

आणि रिक्षात जाऊन बसली.

रिक्षा कोपऱ्यावरून वळली तसा चौगुले माझ्यावर उखडला. “अंगठा मोडलास माझा. दहा मिनटांचं काम हुतं. पुसलं असतं तर भुर्र पळालं असतं.”

“म्हणूनच तर.”

“म्हंजे?” मग त्याच्या डोक्यात उजेड पडायला लागला. “म्हंजे पोरीनंच...? आन् भिंतीवर हुकूम लिवून?”

“पळालं असतं तर ती कशाला परत आली असती?” सिंधू म्हणाली. “सकाळीच कळलं मला. माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली रिकामी होती.”

मेमध्ये वैजू आली. वडील स्वतः घेऊन आले, सोबत तांदळाचं पोतं. तिनं खरोखरच नवा पिस्टन केला, आणि तो आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. इंजिन भुर्र पळालं. पण निघायच्या आदल्या दिवशी चाक जरा डुगडुगतंय असं तिच्या लक्षात आलं. मी निरखून पाहिलं. मलाही डुगडुगल्यासारखं वाटलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली.

पुढच्या वर्षी चाक नवं केलं, तर झडप सदोष निघाली. झडप बदलली, तर सिलिंडरच बारीकसा वाकडा असावा अशी शंका आली. रहांगडाले दरवर्षी फोनवर कळवळून म्हणायचे, “काका, होईन ना हो पुरं कधी?” आणि दरवर्षी तांदूळ पाठवायचे. ते तांदूळ फार चांगले असायचे.

आता वैजू पुण्यात यंत्रांच्याच कंपनीत नोकरी करते. तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं आहेत म्हणे. चौगुले राहिला नाही. मला आताशा कमी ऐकू येतं, कुकरच्या शिट्ट्या तर मोजताच येत नाहीत. सिंधू मोजते.

यंदा मेमध्ये वैजू चार दिवसांची रजा काढून आली. दोघांनी मिळून इंजिन बाहेर काढलं, पुसलं, दिवा लावला. पहिल्याच फिरकीला ते पळायला लागलं. ज्योत आत ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. इतकं सुरेख चाललेलं मी ते कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर हात ठेवला तर लाकडातून त्याचा ठेका कळत होता, एकसारखा, न अडखळता. वैजू हनुवटी टेबलावर टेकवून बघत राहिली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आजोबा, आवाज जरा वेगळा वाटतोय का?”

ती मोठ्यानं बोलली म्हणून मला कळलं. मी वाकून इंजिनाला कान लावला. काही ऐकू आलं नाही.

“वाटतोय खरा,” मी म्हणालो. “खोल बघू.”